टोपण ड्रायव्हरच्या सीटवर

हात लावू नकोस त्याला. ए चष्मेवाल्या, तुलाच सांगतोय. फडकं घेऊनसुद्धा नाही. आत पाणी उकळतंय, टोपण जरा ढिलं झालं की वाफ सरळ तोंडावर येईल. हात दाखवून अवलक्षण कशाला? अर्धा तास थांबायचं. बसा तिकडं टायरांवर.

गाडी मात्र छान केलीय तुम्ही. चाळीस वर्षांपूर्वीची व्हॅन, आणि रंग असा की आरसा नको. इंजिन कुठलं टाकलंय? टेंपोचं ना? वाटलंच. सगळे हेच करतात. इंजिन दांडगं घालायचं आणि रेडिएटर मूळचाच ठेवायचा. पैलवानाचा पाय पोराच्या चपलेत. सपाटीला चालतं सगळं, घाट लागला की रडायला लागते. आणि मग रात्री साडेअकराला म्हाताऱ्याच्या गॅरेजचं शटर वाजवायचं.

रागावलो नाही रे. झोप तशीही येत नाही मला. चहा टाकलाय, होईल.

तोवर एक सांगतो. भुताची म्हणा हवी तर. मी मात्र भूत हा शब्द वापरणार नाही, कारण ज्याची गोष्ट आहे तो माझ्या हाताखाली शिकला होता. पोरासारखा होता मला. अर्धी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीय. उरलेली त्याच्या थोरल्या भावानं मला त्याच पहाटे सांगितली, हा बुटका बसलाय ना, त्याच जागेवर बसून.

दोघे भाऊ. थोरला पेंटर, गाड्या रंगवायचा. धाकटा फिटर. दोघांनी मिळून अशीच एक व्हॅन उभी केली, तुमच्यासारखीच. बाहेरचं सगळं पेंटरचं, आतलं सगळं फिटरचं. मोठा रेडिएटर, दोन पंखे, पंख्याला हातानं चालू करायचं बटण. आणि चढाला लागलं की हीटर पूर्ण सोडायचा. हसू नका. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची आग तो ओढून घेतो. माणसं घामानं निथळतात, पण इंजिन गार राहतं. मे महिन्यात हीटर लावून फिरणारे हे दोघंच. लोक म्हणायचे, भावाभावांचं डोकं फिरलंय.

फिटर एक नंबरचा विसरभोळा. चष्मा विसरायचा, डबा विसरायचा, एकदा तर बायकोला बाजारात विसरून घरी आला होता. पण इंजिनापाशी आला की माणूस वेगळा. माझा एक नियम आहे, तो त्यानं जन्मभर पाळला. टोपण ज्यानं काढलं, त्यानं ते ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचं. कुठंही नाही, खिशात नाही, सीटवरच. बसायला गेलं की बुडाला टोचतं, मग आठवण होते. पाणी भरलंय, टोपण लावायचंय. फिटरनं तर त्या टोपणाच्या वरच्या बाजूला कानशीनं दोन रेघा पाडल्या होत्या. एक लांब, एक आखूड. अंधारात अंगठ्याला लागल्या की टोपण नीट बसलंय का ते कळायचं. बॉनेट अलगद लावायचा आणि वर बोटानं दोनदा ठोकायचा. टक टक. म्हणजे, चल दादा, निघ.

तर, जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. घाटाच्या पलीकडं. दोघे गाडी घेऊन गेले. पेंटरकडं एकच काम, वीस लिटरचा पाण्याचा कॅन सांभाळायचा. फिटरनं घरून निघताना तो स्वतः भरून दिला होता. दुपारी परीक्षक यायची वेळ झाली आणि गाडीवर बोटभर धूळ. नळ लांब. पेंटरचा जीव तुटला हो. त्यानं कॅन उघडला आणि सगळं पाणी गाडी पुसायला वापरलं. म्हणाला, नंतर भरू. गाडी अशी चमकली की पहिलं बक्षीस, कप, फोटो, टाळ्या. आणि कॅन भरायचा राहून गेला.

परतताना रात्री नऊला घाटात गाडी उकळली. एक वळण आहे, कडेला पांढरा दगड, खाली चौदा पायऱ्या उतरलं की जुना हौद. दोघं अर्धा तास थांबले. फिटरनं टोपण काढलं, हात मागं केला, म्हणाला, कॅन दे. पेंटरनं दिला. रिकामा.

आता त्याच क्षणी खरं बोलायचं ना? चार शिव्या खाल्ल्या असत्या, विषय संपला असता. पण माणसाची जीभ... हा पेंटर म्हणाला, “तू भरला नव्हतास का?”

आणि तो बिचारा डोक्याला हात लावून म्हणाला, “राहिलं वाटतं. माझंच डोकं ते.”

स्वतःवरच हसला आणि कॅन घेऊन खाली निघाला. पेंटर तोंड लपवायला ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला होता, म्हणून टोपण ठेवायला सीट मोकळी नव्हती. फिटरनं ते शर्टाच्या खिशात टाकलं. खालून अकरावी पायरी फुटकी होती, कॅन भरून वर येताना त्याचा पाय तिथं घसरला. सकाळी लोकांनी त्याला हौदातून काढला. टोपण काही मिळालं नाही.

चहा घ्या. साखर कमी आहे, चालवून घ्या.

पुढची चार वर्षं बघा आता. फिटरची बायको काय समजली? नवरा विसरभोळा, एक कॅन भरायचा विसरला आणि आम्हाला उघड्यावर टाकून गेला. दुःखापेक्षा राग मोठा झाला तिचा. नवऱ्याचा फोटो तिनं कपाटात कपड्यांखाली ठेवला. मुलगी नऊ वर्षांची. ती पेन्सिल विसरली, डबा विसरली की ही म्हणायची, गेलीस बापावर. पोरगी रडायची. आणि पेंटर? तो रोज तिच्याकडं जायचा, घर बघायचा, पोरीला शाळेत सोडायचा, सगळं सगळं करायचा. तेवढं एक वाक्य सोडून. मीही तिला म्हणालो होतो की बाई, इंजिनाच्या बाबतीत तो विसरणारा नव्हता. पण माझ्यापाशी पुरावा काय? पेंटर शेजारीच उभा होता. खाली बघत होता.

शेवटी ती म्हणाली, दारातून गाडी हलवा, मला बघवत नाही. म्हटलं, मी घेतो. कागद फिटरच्या नावावर, म्हणून सही करायला तिनंही यायचं ठरलं. पेंटरनं मनाशी ठरवलं की हा शेवटचा प्रवास, आज सांगून टाकायचं. घाट लागायच्या आधी सांगू. मग म्हणाला, घाट उतरल्यावर सांगू.

तारीख मला पाठ आहे. ऑक्टोबरची एकोणीस, बुधवारची रात्र. अमावस्या वगैरे काही नव्हती, तसला मसाला मी घालत नाही. अर्धा चंद्र होता, तो नुकताच डोंगराआड गेला होता. साडेबाराला दोघं निघाले. रात्रीच का? अरे, असली गाडी घाटात चढवायची तर थंडीतच, हे तुम्हाला आज कळलं असेल. दुधानं तोंड पोळलेला माणूस, त्यामुळं पेंटरनं पाच-पाच लिटरचे तीन कॅन भरून घेतले होते, झाकणांवर चिकटपट्टी लावून. रेडिएटरला नवं टोपण, पाण्यात घालायचं नवं हिरवं कूलंट. पाइप मी आठवड्यापूर्वीच तपासले होते. कुठं थेंब गळत नव्हता.

चढ सुरू झाला. पंखे चालू, हीटर पूर्ण सोडलेला, खिडक्या उघड्या. भावजय घाम पुसत बसलेली. तापमानाचा काटा मध्यावर. सहा वळणं झाली, सात झाली, काटा मध्यावरच.

मग हीटरमधून गार वारा यायला लागला.

तुम्हाला कळलं नसेल त्याचा अर्थ. पेंटरला कळला. इंजिन तापलेलं असताना हीटर गार झाला म्हणजे पाणी संपलं. त्यानं काट्याकडं बघितलं. काटा लालच्याही पुढं गेला होता. त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. पंखे थांबले. दिवे घालवायला हात पुढं केला, तेव्हा समोर दिसला.

पांढरा दगड.

बॉनेट उघडला. वाफ नाही, कुठं गळती नाही, रस्ता कोरडा. पाणी गेलं कुठं? पण टोपण तापलेलं, हात लावायची सोय नाही. अर्धा तास थांबायलाच हवं होतं. तो परत आत येऊन बसला. पावणेदोन वाजले होते. इंजिन गार होताना लोखंड कसं टिक टिक करतं, तेवढाच आवाज.

“इथंच ना?” ती म्हणाली.

“हो.”

मग ती म्हणाली की चार वर्षांत मी पहिल्यांदा बघतेय ही जागा. एक कॅन होता हो दादा, एकच. तेवढा लक्षात ठेवला असता तर आज पोरीला बाप असता. पेंटरनं तोंड उघडलं. आणि मिटलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. तसा तो घामाघूम बसला होता, हीटर बंद असताना.

तेव्हा खालून आवाज आला.

गुडुप... गुडुप... गुडुप...

पाण्यात कॅन बुडवला की येतो तो आवाज. मग कॅनच्या कडीची तार वाजली. मग पायऱ्यांवर पाऊल. एक... दोन... तीन... पेंटर मोजायला लागला, नको असताना. भरल्या ओझ्याची पावलं. आठ... नऊ... दहा... अकरा.

थांबली.

मग घसरल्याचा आवाज. मग पाणी. मग काहीच नाही.

एखादं जनावर असेल, पेंटर म्हणाला. त्यानं मोबाईलच्या दिव्याचा झोत खिडकीतून खाली टाकला. पायऱ्या दिसल्या. कोरड्या.

दिवा विझवला. आणि पुन्हा.

गुडुप... गुडुप... तार... एक... दोन... अकरा.

थांबलं. घसरलं. पाणी.

तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा तिनं त्याचा दंड धरला. फिटरचा डावा पाय जरा घासायचा, लहानपणी पडला होता तो. वरच्या प्रत्येक पायरीला ते घासणं ऐकू येत होतं.

“दादा,” ती म्हणाली, “हे त्यांचं चालणं आहे.”

पेंटर मला म्हणाला, मला भीती नाही वाटली. मला लाज वाटली. चार वर्षं हा पाणी भरतोय. आपलंच राहिलं म्हणून. आणि वर येता येत नाहीये त्याला.

अकरा. थांबलं.

“त्यानं भरला होता,” पेंटर म्हणाला. “कॅन त्यानं भरला होता. मी गाडी पुसायला ओतला. बक्षिसासाठी. त्यानं मागितला तेव्हा मी त्याच्यावरच ढकललं. तो काहीच विसरला नव्हता.”

खालून घसरल्याचा आवाज आला नाही.

तिनं त्याचा दंड सोडला. दार उघडलं, उतरली, आणि अंधारात वळणाच्या कठड्याकडं चालायला लागली. पेंटर मागोमाग धावला. कठड्याला धरून ती उभी राहिली. रडत नव्हती, नुसती उभी. दोघांची पाठ गाडीकडं. पंचवीस-तीस पावलांवर गाडी.

मागं...

बारा.

तेरा.

चौदा.

पायऱ्या संपल्या. आता डांबरावरून. घासत. गाडीपर्यंत गेली पावलं. पेंटर म्हणतो, वळून बघायचं मनात आलं. मान वळली नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते.

मग पाणी ओतल्याचा आवाज. घाई नाही... भसाभसा नाही... बारीक धार, हवा निघायला वेळ देत देत. मीच शिकवलं होतं त्याला तसं. किती वेळ ते सांगता यायचं नाही. खूप वेळ.

मग बॉनेट लागला. अलगद.

टक टक.

मग काही नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

बऱ्याच वेळानं दोघं वळले. रस्त्यावर कुणी नव्हतं. बॉनेट बंद. पेंटरनं तो उघडला. नवं टोपण जागेवर घट्ट, हाताला गार. ते काढलं, दिवा धरला. पाणी काठोकाठ. मागं जाऊन कॅन बघितले. तिन्ही भरलेले, चिकटपट्टी जशीच्या तशी. त्यानं नवं टोपण लावलं आणि गाडी चालू करायला ड्रायव्हरचं दार उघडलं.

सीटवर टोपण होतं.

जुनं. ओलं. त्यानं अंगठा फिरवला. एक लांब रेघ, एक आखूड.

त्याच्यानं उचलवेना. तिनं उचललं. मुठीत धरलं, घट्ट. मग चार वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलली. आवाज चढवला नाही हं.

“मी रोज त्यांना बोल लावत होते, दादा. आणि तुम्ही रोज ऐकत होता. पोरीनं ऐकलं, तिनं रडून घेतलं, तेही तुम्ही बघत होता.” मग म्हणाली, “त्यांचं काम झालं. त्यांनी सोडलं तुम्हाला. माझं मला माहीत नाही. किल्ली द्या इकडं.”

गाडी तिनं चालवली. पेंटर बाजूला बसला. उरलेला घाट काटा मध्याच्या वर गेला नाही, आणि हीटर लावायची तिला आठवणसुद्धा झाली नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या दारात हॉर्न वाजला. हे भिंतीवरचं घड्याळ बघूनच मी उठलो होतो. पेंटर खाली बसला, तिथंच, आणि लहान मुलासारखा रडत सगळं सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढं माझं पोरगं त्या पायऱ्या चढत होतं. मी पेंटरला तेव्हा वाटेल ते बोललो, ते तुम्हाला सांगत नाही. मग पाणी काढून मापलं. साडेआठ लिटर, आणि हिरवेपणा नावालाच. म्हणजे सगळं नवं पाणी. एवढं चालून आल्यावरही थंडगार, शेवाळाचा वास येणारं. दिवसभर मी ती गाडी पालथी घातली. आधीचं पाणी कुठून गेलं, ते आजतागायत सापडलं नाही.

सही वगैरे काही झालं नाही. ती म्हणाली, गाडी द्यायची नाही. दुपारी निघताना पेंटरला म्हणाली, घरी चला, पोरीला तुमच्या तोंडानं सांगायचंय. तो गेला. सांगितलं त्यानं, पोरीसमोर उभं राहून. फोटो आता भिंतीवर आहे, मी बघून आलोय. पेंटरशी ती बोलते का? कामापुरतं बोलते. त्यानं जास्त मागितलंही नाही.

टोपण? ते सांगायचं राहिलंच की.

त्या पहाटे ती गाडीतून उतरली तेव्हा तिची मूठ अजून मिटलेलीच होती. दीड तास, गाडी चालवतानासुद्धा. मी म्हटलं, बघू. तिनं मूठ उघडली, तिच्या तळव्यावर टोपण, आणि त्याखाली नुसता ओलावा. टोपण माझ्या हातावर ठेवलं.

चटका बसला. आत्ता, या क्षणी, उकळत्या इंजिनावरून काढावं तसा. मी ओरडलो, ते हातातून पडलं. फरशीवर पडल्याचा आवाज झाला, घरंगळत गाडीखाली गेलं, तेही तिघांनी ऐकलं. टॉर्च लावून शोधलं. गाडी ढकलून काढली, गॅरेज झाडलं. फरशी सरळ आहे, तुम्हीच बघा, खड्डा नाही, भोक नाही. मिळालं नाही.

या गोष्टीला तीन वर्षं होतील आता. मेकॅनिकच्या हाताला भाजल्याचे डाग चिक्कार असतात, त्याचं काही नाही. पण हा बघ. चष्मेवाल्या, दिवा धर इकडं. गोल आहे ना? आता अंगठा फिरव. भिऊ नकोस, दुखत नाही मला.

लागल्या रेघा? एक लांब... आणि एक आखूड.